तिसरी रेघ

गणितात दांडी उडालेल्या मुली माझ्याकडे आईचं बोट धरून येत. पंधरा-सोळा वर्षांच्या घोड्या, पण त्या दिवशी मात्र बोट धरून. मी सांगलीला मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे आणि माझा राग गावात सगळ्यांना माहीत होता. आई बरोबर असली तर बाई जरा कमी बोलतील, असा त्यांचा हिशेब असावा. तोही चुकलेलाच. मी आधी आईलाच झापत असे.

मग डोळे पुसून झाले की मी त्यांना एकच युक्ती सांगे. सोडवलेली गणितं वाचत बसू नका, त्यानं नुसतं येतंय असं वाटतं. जे चुकतं तेवढंच भिंतीवर लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी, आधीचं न बघता, नव्यानं करा. बरोबर आलं तर पुढे एक रेघ ओढा. चुकलं तर असतील त्या रेघा पुसून पहिल्यापासून सुरू करा. लागोपाठ तीन दिवसांच्या तीन रेघा झाल्या की ते भिंतीवरून पुसायचं. दोन रेघांवर पुसायचं नाही. आकाश कोसळलं तरी दोन रेघांवर पुसायचं नाही.

एखादी धीट पोर विचारायची, "बाई, दोन का नाही? तीनच का?"

"मी सांगते म्हणून," मी म्हणायचे. हे काही शिक्षकाचं उत्तर नव्हे. खरं उत्तर माझ्यापाशी होतं, पण हातात खडू घेऊन वर्गात सांगण्यासारखं ते नव्हतं. आता हातात खडू नाही.

मी तेरा वर्षांची होते तेव्हा माझी मावशी आमच्याकडे साताऱ्याला राहायला आली. लढाईचे दिवस होते. वडील कचेरीत कारकून होते, भाड्याच्या दोन खोल्या, मागे अंगण आणि अंगणात न्हाणी. मावशी म्हणजे आईची सगळ्यात धाकटी बहीण, विशीची. माहेर उंब्रजजवळच्या गावातलं, सासर सांगलीच्या पलीकडे कृष्णेकाठी. दोन वर्षं सासरी काढून ती माहेरी आली ती आलीच. पुन्हा जायचं नाव घेईना. तिच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं आखडलेली होती, सरळ होत नसत. तव्याला चिकटली असं ती सांगायची. कुणी चिकटवली ते सांगायची नाही आणि आमच्या घरात ते कुणी विचारायचंही नाही.

माहेरचे कर्ते म्हणजे मामा, तिचे आणि आईचे थोरले भाऊ. मनानं वाईट नव्हते. पण नांदायचं सोडून आलेली बहीण घरात ठेवायची म्हणजे गावात रोज कुणाकुणाला तोंड द्यावं लागे, त्याला ते कंटाळले होते. मावशी लग्नाआधी गावच्या शाळेत सहावीपर्यंत शिकली होती. त्या काळी सातवीची फायनल पास झालेल्या बाईला प्राथमिक शाळेत नोकरी मिळत असे. माझ्या वडिलांनी ते मामांच्या कानावर घातलं. मामांनी बराच विचार केला आणि आमच्या ओसरीवर बसून निकाल दिला.

"दोनदा बस परीक्षेला. पास झालीस तर मास्तरीण हो, कुनी तुला नांदाया जा म्हननार न्हाई. माझा शब्द हाय. पर दोनदा नापास झालीस तर मग गुमान जायाचं."

मावशीनं मान डोलावली. म्हणजे मावशीच्या बाबतीत पुढं काय व्हायचं ते सगळं त्या एका परीक्षेवर येऊन टेकलं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी लहान होते, मला कळलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

पहिल्या खेपेला ती बाकी सगळ्यात पास झाली आणि गणितात नापास. आम्हाला नवल वाटलं, कारण गणितात तिचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळं तोंडपाठ. औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा, जो आमच्या शाळेतल्या मास्तरांनाही अडखळत यायचा. भाकरी थापता थापता ती म्हणायची, "सतरा औटं साडेएकोनसाठ," आणि भाकरी परतायची. वडिलांनी ओळखीच्या एका मास्तरांकडून चौकशी केली तेव्हा कळलं. उत्तरं बहुतेक बरोबर होती, पण प्रत्येक गणिताखाली नुसता आकडा. रीत कुठेच लिहिलेली नव्हती. तपासणाऱ्यानं शेजारी लाल शाईत लिहिलं होतं, रीत नाही.

मावशीला हे सांगितलं तेव्हा ती हसायला लागली. "सासूबी ह्येच म्हनती. हिला रीत न्हाई. आता सरकारबी म्हनाया लागलं."

आई म्हणाली, "हसतीस काय गं? लाज न्हाई वाटत?" आणि तीही तोंडाला पदर लावून हसायला लागली. त्या घरात आम्ही तिघी मिळून एवढं मनापासून पुन्हा कधी हसल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या खेपेला तिला शिकवायचं काम मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी वर्गात गणितात पहिली होते आणि तो माज माझ्या अंगात मावत नव्हता. मावशी माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, पण शिकवताना मी तिला मठ्ठ म्हणायचे, पाटी आपटायचे. ती म्हणायची, "व्हय गुरुजी, चुकलं गुरुजी." त्यानं मी आणखी चिडायचे.

लढाईमुळे कागद मिळत नव्हता. वही आणायची म्हणजे चार दुकानं पालथी घालायची, म्हणून सगळा सराव पाटीवर. त्यात एक घोटाळा व्हायचा. पाटी पुसली की चूकही पुसली जायची, आणि आठ दिवसांनी तीच चूक पुन्हा, जणू पहिल्यांदाच. मी वैतागले. तेव्हा न्हाणीच्या भिंतीची कल्पना मावशीनं काढली. पहाटे उठून सगळ्यांचं पाणी तीच तापवायची. चुलाण्याशेजारची भिंत चुन्याची, पांढरी होती. तिनं विस्तवातला एक विझलेला कोळसा उचलला आणि आदल्या दिवशी चुकलेलं गणित भिंतीवर लिहिलं. "पानी तापतंय तवर बगत बसीन. आपली चूक आपल्या डोळ्याम्होरं ऱ्हाऊ दे."

भिंत तिची, पण तीन रेघांचा कायदा माझा. तीन दिवस बरोबर आल्याशिवाय पुसायचं नाही, हे मी कंबरेवर हात ठेवून सांगितलं. ती म्हणाली, "तीन रेघा म्हंजी पाऊनच की गं. पुरं व्हाया चार पायजेत." जुन्या हिशेबात अपूर्णांक उभ्या रेघांनी लिहीत, एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. मी म्हटलं, "जास्त शहाणपणा नको. तीन म्हणजे तीन."

रीत शिकवायला फार वेळ लागला. तिला उत्तर आधी दिसायचं. बारा माणसं एक विहीर पंधरा दिवसांत खणतात, तर नऊ माणसं किती दिवसांत खणतील? मी वाचून संपवायच्या आत ती म्हणायची, "वीस. पर नऊ मान्सांत एक तर आजारी पडंलच, बावीस धर."

"आजारी पडत नाहीत गणितातली माणसं! वीस कसे आले ते सांग."

"आलं. दिसलं मला."

"समज मी मठ्ठ आहे. मला दिसत नाही. मला सांग."

"आता समजाया कशाला पायजे?" ती म्हणायची.

पण तोच उपाय लागू पडला. रोज सकाळी ती जात्यावर बसली की मी समोर बसायचे आणि ती मठ्ठ माणसाला सांगावं तसं मला सांगायची. बारा माणसांना पंधरा दिवस. मग एका माणसाला बारापट. म्हणजे एकशे ऐंशी. ते नऊ जणांत वाटायचे. जातं घरघरत असायचं आणि त्याच्या वर तिचा आवाज. जे बोलली तेच मग पाटीवर, एका ओळीखाली एक. शेवटी ताळा, म्हणजे आलेलं उत्तर उलटं फिरवून सुरुवातीला पोचतंय का ते बघायचं. ताळा तिला फार आवडला. "ह्ये बरं हाय," ती म्हणायची, "परत फिरून बगता येतंय."

आणखीही काही काही केलं. जुन्या गणितांच्या चिठ्ठ्या करून सुपात टाकायच्या आणि डोळे मिटून एक उचलायची, कारण पुस्तकात एका धड्यात एकाच जातीची गणितं असतात आणि रीत आयती कळते. परीक्षेत कुठली रीत लावायची ते ओळखण्यातच अर्धं गणित असतं. आमच्या घरात घड्याळ नव्हतं. कचेरीचे टोल पडायचे, दोन टोलांच्या मध्ये सहा गणितं झाली पाहिजेत. पुढे मी शिक्षक झाले, पुस्तकं वाचली, परीक्षक झाले, पण त्या न्हाणीत आणि त्या जात्यावर आम्ही जे केलं त्याहून चांगलं काही मला सापडलं नाही.

माघात भिंत वरपासून खालपर्यंत काळी होती. फाल्गुन आला आणि ती वरून पांढरी होत चालली. मावशी एकेक गणित ओल्या फडक्यानं पुसायची आणि दोन पावलं मागं सरून बघायची. शेवटी एकच गोष्ट खाली कोपऱ्यात उरली. ते गणितही नव्हतं. नुसता शब्द होता, एकोणसाठ.

मावशीला तो आकडा लिहिता येत नव्हता. हसू येईल, पण आपल्या भाषेत हा सापळाच आहे. एकोणसाठ ऐकलं की कानात साठ राहतं आणि हात आधी सहा लिहून मोकळा होतो. मग नऊ. झाले एकोणसत्तर. एकोणसत्तर म्हटलं की सात आणि नऊ. पोरं पहिली-दुसरीत हे चुकतात आणि मग सुधारतात. मावशी तोंडानं इतकी झरझर हिशेब करायची की तिला लिहायची वेळच आली नव्हती, त्यामुळे ती सुधारलीच नाही. मी शंभर वेळा सांगितलं, एक उणा साठ, साठाला एक कमी, म्हणजे पन्नाशीतच. ती म्हणायची, "तोंडाला कळतंय गं. हाताला न्हाई कळत." आणि आपल्या आखडलेल्या बोटांकडे बघायची.

त्या शब्दापुढे एक रेघ व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुसली जायची. पुन्हा एक. पुन्हा पुसली. परीक्षेच्या आदल्या सकाळी पहिल्यांदा दुसरी रेघ पडली. मावशी खूश झाली. म्हणाली, "उद्या तिसरी. जाताना इचार मला, मग पुसू, आन् मग जाऊ पेपराला."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शाळेत बक्षीस समारंभ होता. गणितातलं पहिलं बक्षीस मला होतं, पितळी कंपासपेटी. मी आरशासमोर बसून दोन वेण्या घालत होते आणि एक वेणी दुसरीपेक्षा जाड होत होती, म्हणून तिसऱ्यांदा सोडली होती. बाहेर मैत्रीण हाका मारत होती. मावशी दारात आली. अंगावर आईचं धुवट लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात कोळसा.

"चल की गं, इचार."

"काय विचार?"

"एकोनाचं. तिसरी रेघ ऱ्हायलीया."

"अगं येतंय तुला ते! पहिलीतलं पोर लिहील."

"दोनदाच आलंय. तीनदा न्हाई झालं." तिनं म्हटलं, "कायदा तुजाच हाय."

मी ताडकन उठले. सुटलेल्या केसांनी न्हाणीत गेले, पाण्याच्या पिंपावरचं ओलं फडकं घेतलं आणि भिंतीच्या कोपऱ्यातला तो शब्द, दोन रेघांसकट, पुसून टाकला.

"झालं, झालं!" मी म्हटलं. "संपलं सगळं. जा आता."

ती भिंतीकडे बघत उभी राहिली. भिंत सगळी पांढरी झाली होती, जिथे पुसलं तिथे तेवढी ओली. मग तिनं कोळसा चुलाण्यात टाकला, हात धुतला आणि वडिलांबरोबर परीक्षेला गेली. मी बक्षीस घ्यायला गेले. टाळ्या बऱ्याच वाजल्या.

लेखी पेपर तिला बरा गेला. केलेल्या सगळ्या गणितांना रीत लिहिली, तीन गणितांचा ताळासुद्धा केला, पण त्या लिहिण्यात वेळ संपून शेवटची बरीच गणितं राहिली. नंतर तोंडी हिशेबांचा अर्धा तास होता. परीक्षक उभे राहून दहा हिशेब वाचत आणि मुलांनी कागदावर फक्त उत्तर लिहायचं. रीत नको. ते तर मावशीचं माहेरच, म्हणून त्या अर्ध्या तासाची आम्ही कधी काळजीच केली नव्हती.

दुपारी घरी येऊन ती पीठ मळायला बसली आणि मळता मळता आईला दहाही हिशेब सांगू लागली. तिला सगळे आठवत होते. "चौथा काय, तर तेवीस वाफं, वाफ्याला तीन रोपं. तेवीस त्रिक एकोनसत्तर. सातवा लय सोपा. सतरा मान्सांस्नी मानशी साडेतीन हात कापड. सतरा औटं..."

ती थांबली. मी दारात उभी होते, बगलेत कंपासपेटी.

"साडेएकोनसाठ," ती हळू म्हणाली. मग काटवटीतल्या कोरड्या पिठात तिनं बोट टेकलं आणि सकाळी कागदावर लिहिलं होतं तसं लिहायला गेली. पहिला आकडा सहा आला.

आम्ही दोघींनी तो बघितला. आईला काही कळलं नाही, ती चुलीपुढे होती. मावशीनं माझ्याकडे वर बघितलं, फार वेळ नाही, आणि मग पाण्याचा हात फिरवून त्या सहासकट सगळं पीठ मळून टाकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी जेवले नाही. आईला वाटलं, समारंभात काही खाल्लं असेल.

निकालाला दोन महिने होते. दोन महिने मावशी नेहमीसारखी वागली. मी मनातल्या मनात तिचे गुण मोजत राहिले, चौथा आणि सातवा, दोन हिशेब गेले तर चार गुण गेले, बाकी केलेलं सगळं बरोबर धरलं तर पास व्हायला हवी, एखादं लेखी गणित चुकलं असेल तर? आयुष्यात मी इतक्या वेळा एकच बेरीज कधी केली नाही. निकाल आला तेव्हा ती गणितात तीन गुणांनी गेली होती. चौघांना सांगितलं तर चौघं म्हणाले, अरेरे, तीनच गुण. चार गुण कुठे गेले ते मला आणि तिलाच माहीत होतं.

मामा सर्व्हिस मोटारीनं आले. वडील म्हणाले, "आणखी एकदा बसू द्या. तीन गुणांचा तर प्रश्न आहे."

"तीन असू द्यात न्हाईतर तीस. शब्द म्हंजी शब्द," मामा म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, "मलाबी गावात ऱ्हायचं हाय, दाजी. नवऱ्याघरची बाई मानसानं किती दिस ठिवायची? काय रीत हाय का न्हाई?"

आई आत रडत होती. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मामा, तिला सगळं येत होतं, मी पुसलं, असं एक वाक्य. त्यानं मामा बदलले असते का? कदाचित नाही. पण चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडून ते निघालं असतं तर वडिलांच्या बोलण्याला जोर आला असता, आणि मावशीला निदान एवढं कळलं असतं की तिच्या बाजूनं कुणीतरी चूक कबूल केली. मी बोलले नाही. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त, मला पहिलं बक्षीस मिळवणारी म्हणून असलेली माझी इज्जत जपायची होती. हे लिहिताना मला शरम वाटते. तेव्हापासून वाटते आहे.

मावशीनंही कुणाला काही सांगितलं नाही. तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि पाटी माझ्यासाठी ठेवली. मोटारीत बसताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "शीक गं लय. गुरुजी हो." त्या दोन बोटांचा स्पर्श इतर बोटांपेक्षा खरखरीत होता. ती कंपासपेटी पुढं माझ्या धाकट्या भावानं मोडली, मला काही वाटलं नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी मी मॅट्रिक होऊन कॉलेजसाठी सांगलीला आले. मधल्या काळात लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, आणि मावशी एकदाही माहेरी आली नाही. पाठवतच नव्हते. पहिल्याच माघात एका रविवारी मी नावेतून कृष्णा ओलांडली आणि विचारत विचारत तिच्या सासरच्या गावी गेले. हळदीचे दिवस होते. गावाबाहेरच्या मळ्यांत काहिली, म्हणजे मोठाल्या कढया, चढलेल्या, हळद शिजल्याचा वास सगळीकडे. वाटेत एका जैनाच्या मळ्यात काम करणाऱ्या बाईला मी घर विचारलं. तिला नावावरून कळेना. मग मी बोटांची खूण सांगितली.

"मास्तरीन व्हय?" ती म्हणाली. "ती काय, पल्याडच्या कौलारू घरात."

वेड्यासारखं मला वाटलं, ही कुठे शिकवते की काय. घराच्या दाराशी पोचले तेव्हा उलगडा झाला. आतून सासूचा आवाज येत होता, "अवं मास्तरीनबाई, हळद शिजवाया काय रीत लागती का? उरका की!" नापास होऊन आलेल्या सुनेला त्या घरानं, आणि मग गावानं, ते नाव दिलं होतं.

मावशी परसात होती. काहिलीपुढे उभी, हात कोपरापर्यंत पिवळे. पंचवीस वर्षांची असेल, चाळिशीची दिसत होती. मला ओळखायला तिला क्षणभर लागला. मग तिनं पिवळे हात माझ्या पांढऱ्या पातळाला लागू नयेत म्हणून लांब धरले आणि नुसती हसली. "गुरुजी आले की," म्हणाली.

आम्ही चुलाण्याशी बसलो. आईची चौकशी केली, वडिलांची केली, मामांचीही केली. स्वतःचं काही सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आमच्याकडे हे विचारत नाहीत, मी वर म्हटलंच आहे. बोलता बोलता माझी नजर तिच्या मागच्या भिंतीवर गेली. मातीची भिंत, पांढऱ्या मातीनं सारवलेली. खाली कोपऱ्यात, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशा ठिकाणी, कोळशानं एक शब्द लिहिला होता. एकोणसाठ. आणि पुढे दोन उभ्या रेघा.

तिनं माझ्या नजरेच्या रोखानं मागं बघितलं.

"सारवल्यावर जातंय," ती साधेपणानं म्हणाली. "मग परत लिवते."

"कशाला गं?"

"तिसरी ऱ्हायलीया न्हवं का."

"मग तूच विचारायचं स्वतःला. चार वर्षं!"

"आपुनच इचारलं की आपल्याला आदीच ठावं असतंय. त्येला काय अर्थ? दुसऱ्यानं इचाराया पायजे. हितं कोन इचारनार?" तिनं चुलाण्यातून एक विझलेला कोळसा ओढला आणि फुंकर मारून गार केला. "आता आलीयास तर इचार."

मी तिथे परीक्षक म्हणून बसले होते. एकोणसाठ असं सरळ विचारणं मला जमेना. मी विचारलं, "सतरा औटं?"

"साडेएकोनसाठ," ती लगेच म्हणाली. मग भिंतीकडे वळली. आखडलेल्या बोटांत कोळसा तिनं अंगठ्यानं दाबून धरला होता. हात भिंतीपाशी गेला आणि थांबला. ओठ हलत होते. एक उणा साठ. तिनं पाच काढला. नीट, पोट भरलेला पाच. मग नऊ. मग अर्ध्याच्या दोन रेघा. आणि लहान मुलानं बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"बरोबर," मी म्हटलं. ते एवढंसं म्हणायला मला चार वर्षं लागली होती.

तिनं त्या शब्दापुढच्या दोन रेघांशेजारी तिसरी ओढली. मग कोळसा खाली ठेवला आणि काहिलीच्या काठावर वाळत टाकलेलं ओलं फडकं माझ्यापुढे धरलं. पुसायचा मान गुरुजींचा. मी ते हातात घेतलं, पण माझा हात उठेना. फडक्यातलं पाणी माझ्या पातळावर ठिबकत राहिलं. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी..."

तिनं फडकं माझ्या हातातून काढून घेतलं. पुढे वाकून एका दमात भिंत पुसली, शब्द, तिन्ही रेघा, सगळंच.

"झालं, झालं," ती म्हणाली. शब्द माझे होते, आणि घाईही माझीच, जशीच्या तशी.

आतून सासूनं पुन्हा हाक मारली, मास्तरीन, आणि ती "आले जी" म्हणत उठून गेली. मी भिंत वाळेपर्यंत तिथेच बसून राहिले.